'हमी' आणि 'दाम'

मराठी मुलखातील शेतकरी सरकारदरबारी अर्ज करतो, तेव्हा 'मायबाप सरकार' हे संबोधन त्यात सहज उतरते. ह्या दोन शब्दांत एक संपूर्ण राज्यविचार सामावलेला आहे. सरकार पालक आणि रयत लेकरू. पालकाने घास भरवावा आणि प्रसंगी कानही उपटावा. कल्याणकारी राज्याचे पुरस्कर्ते आणि व्यक्तिस्वातंत्र्याला सर्वोच्च मूल्य मानणारे ह्यांच्यातील वाद पाश्चात्त्य देशांत बहुधा कर, मालमत्ता आणि करार ह्यांच्या परिभाषेत मांडला गेला. महाराष्ट्रात मात्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत तो ह्या 'मायबाप' प्रतिमेभोवती उभा राहिला आणि त्याने दोन जुन्या शब्दांना नवे वजन दिले. त्यांतील एक 'हमी' आणि दुसरा 'दाम'.

१९७२-७३च्या दुष्काळात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख माणसे राबत होती. खडी फोडणे, रस्त्यांवर माती टाकणे, पाझर तलाव आणि नालाबांध खणणे, ही ती कामे. खायला सुकडी आणि रेशनच्या दुकानातला लाल मिलो. दुष्काळी कामे काढण्याची रीत ब्रिटिश अमदानीपासूनचीच होती; पाऊस पडला की कामे बंद होत आणि सरकारची करुणाही आटोपती घेतली जाई. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे ह्यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना ह्या रीतीहून मूलतः वेगळी होती, आणि तिचे वेगळेपण तिच्या नावातच होते. 'हमी' हा शब्द दानधर्मातला नव्हे, तो देण्याघेण्याच्या व्यवहारातला आहे. हमी देणारा बांधला जातो. ती घेणाऱ्याला उपकृत व्हावे लागत नाही. १९७७चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. ग्रामीण भागातील कोणाही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर ते पंधरा दिवसांत द्यावे, अन्यथा दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यावा, असे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले. एक रुपया ही रक्कम क्षुल्लक होती. तत्त्व क्षुल्लक नव्हते. संविधानाच्या ४१व्या अनुच्छेदातील कामाचा हक्क हे तोवर केवळ मार्गदर्शक तत्त्व होते. ह्या कायद्याने शासन, निदान कागदावर तरी, मजुराचे ऋणको ठरले.

हे ऋण फेडायचे कोणी? १९७५ साली लागू झालेला व्यवसाय कर हे त्याचे उत्तर होते. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जात आणि त्यांत शासन आपली भर घालून मराठवाड्यातील किंवा माणदेशातील मजुराची मजुरी भागवी. त्याच सुमारास, १९७४ साली, अमेरिकेत रॉबर्ट नोझिक ह्या तत्त्वज्ञाने असा युक्तिवाद केला होता, की श्रमाच्या कमाईवरील कर हा सक्तीच्या श्रमाच्याच जातीचा आहे. कारण जितक्या तासांची कमाई कराने जाते, तितके तास माणूस दुसऱ्याच्या हेतूसाठी राबलेला असतो. हा युक्तिवाद वेठबिगारी पाहिलेल्या देशात हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु त्याला दुसरी बाजूही आहे. उपासमारीच्या धाकाने सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या बांधावर, तो देईल त्या मजुरीवर राबणाऱ्या स्त्रीचे श्रम कितपत स्वेच्छेचे म्हणायचे? तिने केलेला करार कायद्याने मुक्त असला, तरी 'नाही' म्हणण्याची सोय नसलेल्या माणसाचा होकार हा होकार नव्हे.

दुसरा शब्द बुलंद केला तो शरद जोशी ह्यांनी. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत अधिकारपदावर असलेला हा मनुष्य नोकरी सोडून परतला, चाकणजवळ आंबेठाण येथे त्याने कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतःच्या शेतीच्या जमाखर्चातून त्याला जे दिसले, त्यावर शेतकरी संघटना उभी केली. १९८० साली कांदा आणि ऊस ह्यांच्या भावासाठी झालेल्या आंदोलनांनी नाशिक आणि पुणे जिल्हे ढवळून निघाले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही संघटनेची घोषणा. तिचा खरा रोख 'मायबाप' ह्या प्रतिमेवरच होता. सरकार एका हाताने निर्यातबंदी, लेव्ही आणि वाहतुकीवरील निर्बंध लादून शेतमालाचे भाव पाडते आणि दुसऱ्या हाताने कर्जमाफी, अनुदान देऊन दातृत्वाचा आव आणते, असे त्यांचे निदान होते. विदर्भातील कापूस उत्पादकाला ते पटवून देण्यासाठी ग्रंथांची गरज नव्हती. १९७०च्या दशकाच्या आरंभी आलेल्या एकाधिकार खरेदी योजनेने त्याला आधार देऊ केला, पण त्याबरोबर आपला कापूस अन्यत्र विकण्याचे स्वातंत्र्यही काढून घेतले. आधाराचे रूपांतर कुंपणात कसे होते, ह्याचे ते उत्तम उदाहरण होते. १९९४ साली जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. सहकारी शेतीच्या काँग्रेसी ठरावाविरुद्ध १९५९ साली राजाजी आणि मिनू मसानी ह्यांनी उभारलेल्या स्वतंत्र पक्षाशी त्याचे विचारांचे नाते उघड होते.

'दाम' ह्या शब्दाची मर्यादा मात्र त्याच्या व्याकरणातच आहे. दाम मागायला विकण्याजोगे काही जवळ असावे लागते. भूमिहीन मजुराजवळ विकायला केवळ आजचा दिवस असतो आणि तो न विकला गेला तर उद्यापर्यंत टिकत नाही. शेतमालाला भाव मिळाला की मजुरीही वाढेल, अशी संघटनेची भूमिका होती. ती तर्काला सोडून नव्हती, परंतु तिच्यात मजुराला मालकाच्या भरभराटीची वाट पाहावी लागे. रोजगार हमीच्या कामाने त्याला वाट न पाहण्याचा पर्याय दिला. गावाजवळ दुसरे काम निघू शकते, एवढ्या जाणिवेनेच बांधावरच्या बोलण्याचा सूर बदलू शकतो.

'हमी'चीही मर्यादा काळाने दाखवून दिली. १९८८ साली योजनेची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीने, सुमारे दुपटीने, वाढली आणि त्यानंतर कामांवरील हजेरी वाढण्याऐवजी घसरली. मजुरांना काम नकोसे झाले म्हणून नव्हे. खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी कामेच कमी निघू लागली म्हणून. हक्क पुस्तकात राहिला आणि मस्टर उघडायचे की नाही हे कचेरीत ठरू लागले. ऋणको स्वतःच न्यायाधीश असेल तर धनकोची जी गत होते, तीच मजुराची झाली. शासनाच्या सत्तेविषयी व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांना वाटणारा अविश्वास येथे निराधार ठरत नाही.

तथापि ह्या दोन प्रवाहांचे सर्वांत बोलके फळ परस्परांच्या अंगणात पडलेले दिसते. शासनाच्या योजनेने, कराच्या पैशातून, मजूर स्त्रीला नकार देण्याचे सामर्थ्य दिले. ही तर स्वातंत्र्याचीच मिळकत. उलट शेतकरी संघटनेने १९८६च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला. त्यात शेतकऱ्यांनी कोणत्याही सक्तीविना आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून दिला. समाजवाद्यांनी कायद्याने घडवावे असे जे पुनर्वाटप, ते येथे केवळ मन वळवून, मर्यादित प्रमाणात का होईना, घडले.

भाषेने हे दोन शब्द केव्हाच एकत्र केले आहेत. केंद्र शासन जाहीर करते त्या किमान आधारभूत किमतीला मराठी शेतकरी 'हमीभाव' म्हणतो. २०२०-२१ साली दिल्लीच्या सीमांवर बसलेल्या शेतकऱ्यांनी ह्याच भावाला कायद्याचे बळ मागितले. जोशींच्या परंपरेतील कार्यकर्त्यांनी मात्र बाजार खुला करणाऱ्या कृषी कायद्यांचे समर्थन केले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे मागे घेण्यात आले, वाद मात्र मिटला नाही. तो मिटणारही नाही, कारण दोन्ही पक्षांना एकच गोष्ट नको आहे आणि ती म्हणजे भीक. जी योजना माणसाला अर्जदाराच्या पायरीवरून उठू देत नाही ती कल्याणकारी नव्हे आणि जो बाजार त्याला 'नाही' म्हणू देत नाही तो मुक्त नव्हे. कोणतेही धोरण ह्या दोन कसोट्यांवर पारखता येते. त्यांसाठी कोणत्याही पक्षाचा जाहीरनामा चाळावा लागत नाही; हातात खोरे घेतलेल्या मजुरापुढे आणि बाजार समितीच्या आवारात कांद्याची गोणी उतरवणाऱ्या शेतकऱ्यापुढे कोणते पर्याय उरले आहेत, एवढेच पाहावे लागते.