रिकामी पेटी

आमच्या निवासस्थानामागे जांभळाच्या सावलीत गेली तीन वर्षे एक लाकडी पेटी उभी आहे. पहिल्या वर्षी धर्मग्रामातील मुले ती पाहून विचारीत, "फादर, हिच्यात काय आहे?" आम्ही म्हणत असू, "काही नाही." उत्तर खरे होते. पेटी मधमाश्यांसाठी होती आणि मधमाश्या आल्या नव्हत्या.

हा छंद आम्हांला पन्नाशी उलटल्यावर जडला. महाबळेश्वरजवळील मांघर हे २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. त्यानंतर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील, भुदरगड तालुक्यातील पाटगावही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. त्या बाजूच्या एका वृद्ध मधपाळांशी आमचा परिचय झाला. सारे त्यांना आबा म्हणतात. माश्यांसह भरलेली पेटी विकत घेण्याचा मानस आम्ही बोलून दाखविला, तेव्हा आबा हसले. "इकत कशाला, फादर? रिकामी पेटी ठेवा. जागा पसंत पडली तर येतील की आपल्या मनानं."

आबांनी आपली एक जुनी पेटी दिली. नव्या लाकडापेक्षा माश्यांचा वास मुरलेली पेटी बरी, असे त्यांचे म्हणणे. तिच्या चौकटींना आम्ही वितळवलेले मेण लावले, आतून गवती चहाची पाती चोळली. कामकरी माशी आपल्या बहिणींना बोलावताना जो गंध सोडते, त्यातील काही द्रव्ये युरोपीय माशीच्या बाबतीत गवती चहाच्या तेलातही आढळतात. दार लहान ठेवले. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. आपल्याकडच्या सातेरी माशीला सोयीची अशी पेटी दक्षिण भारतात १९११ ते १९१७ या काळात न्यूटन नावाच्या एका धर्मगुरूंनी घडविली, हे वाचनात आले, तेव्हा आमचा उत्साह दुणावला. आम्हांला जणू पूर्वसूरी लाभले होते!

मोहोळात दाटी झाली की ते फुटते. नवी राणी जन्मास येण्याच्या सुमारास जुनी राणी हजारो कामकऱ्यांसह घर सोडते. थोरलीने घर धाकटीस द्यावे आणि आपण उघड्यावर पडावे, असा हा निसर्गाचा न्याय आहे. निघताना माश्या पोटात मावेल तेवढा मध घेतात. तीच त्यांची शिदोरी. मग थवा जवळच्या एखाद्या फांदीवर लोंबकळत राहतो आणि त्यातील काही शे माश्या घर शोधावयास निघतात. १९४९ साली मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकास म्युनिक येथे अशा थव्यावर नाचणाऱ्या काही माश्या दिसल्या. त्या परागाने माखलेल्या नव्हत्या; काजळीने आणि विटांच्या धुळीने मळल्या होत्या. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या नगरात त्या घर पाहून आल्या होत्या. जिला जागा अधिक आवडली, ती अधिक वेळ नाचते. परंतु तिच्या शब्दावर कोणी विसंबत नाही. दुसरी माशी स्वतः जाते, पोकळी आतून चालून पाहते, मगच नाचू लागते. राणीचा येथे हुकूम चालत नाही, मग पेटी ठेवणाऱ्याचा कोठून चालणार?

फांदीवरचा तो बेघर थवा पाहताना कोल्हापूरकरांस वळिवडे आठवावे. १९४३ ते १९४८ या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित तेथील छावणीत राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. सैबेरियाचा गारठा आणि आप्तांचा मृत्यू भोगून आलेली ही माणसे होती. येथे त्यांनी आपल्या शाळा चालविल्या, आपली प्रार्थना आपल्या भाषेत केली. आश्रय देणाऱ्याने छप्पर द्यावे; घर ज्याचे त्याने बांधावे.

हे सारे आम्हांला ठाऊक होते. तरीही त्या वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात माश्या आल्या, तेव्हा आमचा संयम सुटला. शाळेतून धावत आलेल्या मुलांनी वार्ता दिली. दारापाशी गुणगुण चालू होती. त्या संध्याकाळी आम्ही झाकण उचलून पाहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. राणी आहे का, पोळे धरले का, अंडी घातली का? मिस्सा आटोपली की आमची पावले पेटीकडे वळत. पांढरे शुभ्र पोळे तळहाताएवढे झालेले आम्ही पाहिले. नवव्या दिवशी दुपारी पेटी रिकामी होती. ते पोळे तेवढे मागे राहिले होते.

आबांना दूरध्वनी केला. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "फादर, रोज उघडून बघत हुता व्हय? पावण्याला आधी बसू द्यायचं, का त्येची झडती घ्यायची?"

ते वाक्य कानी पडले आणि आम्हांला दुसराच एक पाहुणा आठवला.

माश्या येण्याच्या काही दिवस आधी, राखेच्या बुधवारी, एक तरुण चर्चच्या शेवटच्या बाकावर येऊन बसला होता. त्याचा स्नानसंस्कार याच चर्चमध्ये झालेला. सहा वर्षांपूर्वी त्याने एका हिंदू मुलीशी कचेरीत विवाह नोंदविला आणि तेव्हापासून तो चर्चकडे फिरकला नव्हता. कपाळावर राख घेऊन तो बाहेर आला. आम्ही त्यास व्हरांड्यातच गाठले. विवाहाला ख्रिस्तसभेची अनुमती घेतली होती काय, मुलाचा स्नानसंस्कार झाला काय, इतकी वर्षे कोठे होतास? प्रश्न सारेच रास्त होते. सेमिनरीत आम्हांला ते शिकविलेच होते. त्याने मान खाली घालून दोन उत्तरे दिली आणि "येतो, फादर," म्हणून तो निघून गेला. तो पुन्हा आला नाही. आमचे कर्तव्य आम्ही चोख बजावले, अशाच समाधानात आम्ही त्या रात्री झोपलो होतो.

त्या वर्षीच्या पास्खा जागरणात, अंधाऱ्या चर्चमध्ये नव्या मेणबत्तीसमोर उभे राहून आम्ही पास्खा घोषणा गायिली. त्या प्राचीन गीतात मधमाश्यांच्या श्रमाचा उल्लेख येतो. मेणबत्ती त्यांच्याच मेणाची, म्हणून. दरवर्षी सहज ओठांवरून जाणारा तो शब्द त्या रात्री घशात अडकला. ओळीओळीने ज्योती पेटत गेल्या. दाराजवळचा शेवटचा बाक रिकामा होता.

पुनरुत्थान रविवारानंतर आम्ही त्याच्या घरी गेलो. सोबत नोंदवही नेली नाही. "त्या दिवशी आमचे चुकले," एवढेच म्हणालो. तो काही बोलला नाही. त्याच्या पत्नीने चहा केला. मुलाने आम्हांला आपली चित्रांची वही दाखविली. निघताना तो फाटकापर्यंत आला. आम्ही त्यास "ये" म्हटले नाही. नियम आम्ही विसरलो आहोत असे नव्हे. त्यांची वेळ येईल तेव्हा तेही बोलू. परंतु आधी माणूस टेकला पाहिजे.

पुढल्या वर्षी फाल्गुनात माश्या पुन्हा आल्या. आम्ही तीन आठवडे झाकणास हात लावला नाही. दूर बसून दाराकडे पाहत असू. पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या घेऊन कामकरी माश्या आत जाताना दिसल्या की ओळखावे, आत पिले वाढत आहेत. त्या अजूनही तेथे आहेत. पहिला मध निघाला तो जेमतेम एक बरणी. त्यातला अर्धा आबांकडे पोचविला आणि अर्धा त्या तरुणाच्या घरी.

तो अद्याप चर्चमध्ये आलेला नाही. आम्हीही विचारलेले नाही. मात्र जांभळाखाली आम्ही आणखी एक पेटी ठेवली आहे. तिचे दार लहान आहे, चौकटींना मेण लावलेले आहे, वाट्यांत पाणी आहे. मुले विचारतात, "फादर, हिच्यात काय आहे?" आम्ही म्हणतो, "जागा."