भोपाळमधली समुद्रकाकडी

भोपाळ हे तलावांचं शहर. राजा भोजाने अकराव्या शतकात बांधलेला बडा तालाब पाहिला की आम्हा गोंयकारांचाही जीव थोडा निवतो. पण ते पाणी गोडं. इथे समुद्र हवा तर पिशवीतून विकत आणावा लागतो. माझ्या भाच्याने तसा तो आणलाय. शुद्ध केलेल्या पाण्यात तयार क्षार विरघळवून, घनता १.०२५ वर आणून त्याने दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत समुद्र मांडला आहे.

गेल्या हिवाळ्यात गेलो होतो, तेव्हा तळाशी बोट दाखवून तो म्हणाला, "मामा, तुम्ही समुद्राकडचे. हे काय आहे सांगा बरं."

वीतभर लांब, काळी, अंगाला वाळू चिकटलेली. दुकानदाराने 'वाळू साफ करणारा किडा' म्हणून दिली होती. ही समुद्रकाकडी, तारामाशाच्या गोतातली. वाळू गिळते, तिच्यातलं अन्न पचवते आणि उरलेली वाळू मागे टाकते. श्वाससुद्धा गुदद्वारातूनच घेते! पाठीवर वाळूचा थर आणि त्यात उघडे गोल ठिपके असले तर बहुधा 'होलोथुरिया अ‍ॅट्रा'. खात्री मात्र सूक्ष्मदर्शकाखाली, कातडीतल्या चुन्याच्या कणांवरून होते. छोट्या टाकीत ती उपाशी राहून आक्रसत जाते. काही जाती घाबरल्या की आतडी बाहेर टाकतात, काही विष सोडतात. मग मासेही जातात.

पण खरा प्रश्न वेगळाच होता. पूर्व आशियात वाळवलेल्या समुद्रकाकडीला मोठा भाव, म्हणून तस्करी चालते. २००१ साली आपल्या सरकारने सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या, वाघाच्या पंगतीला. २०२० साली लक्षद्वीपमध्ये चेरियापाणीला २३९ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र खास त्यांच्यासाठी झालं.

भाच्याचा चेहरा उतरला. "तलावात सोडून देऊ?" गोड्या पाण्यात ती मरेल. दुकानदाराला परत दिली तर तो पुन्हा विकेल. गोव्यात नेऊन सोडावी, तर ती कुठल्या समुद्रातली हे कुणाला ठाऊक? शिवाय कायद्याने ती बाळगताच येत नाही, नेणार कशी?

"वनखात्याला कळव," मी म्हटलं. "दंड झाला तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच फोन लावला. आवाज थरथरत होता, पण दुकानाचं नावही त्याने सांगितलं.

दिवाणखान्यात समुद्र मांडता येतो. मात्र त्यातला प्रत्येक जीव कुठून तरी उचललेला असतो. विकत घेण्याआधी तेवढं विचारावं.