आपाचा रिपोर्ट

आपाला तीनदा दिवस गेले. तीनही वेळा पोट पडले. सासरच्यांनी तिलाच बोल लावला. पुढे तिचे डोके दुखू लागले. कोणी नजर म्हणाले, कोणी पित्त. आडवे झाले की दुखणे वाढे. मग उलट्या, समोरचे अंधूक दिसणे, आणि ऐन रमजानमध्ये फीट. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी अडकली होती.

डॉक्टरांनी पडलेल्या गर्भांचीही चौकशी केली. दोन्हींचे मूळ एकच निघाले: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनच्या डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्याचे वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते, रक्त गोठू लागते. शाळेत आम्ही रक्ताभिसरण शिकवतो. तो धडा हृदयापुढे फारसा सरकत नाही.

रोजे सुटू नयेत म्हणून आपा पाळी लांबवण्याच्या गोळ्या घेत होती. अशा संप्रेरकांच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. आपल्या बायका त्या दुकानातून सर्रास आणतात. पाळीत रोजा माफ आहे, कजा नंतर ठेवता येतो, हे त्यांना ठाऊक नाही थोडेच!

आधी हेपॅरिनची इंजेक्शने, मग वॉरफरिन. रक्ततपासणी १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, तेव्हाच निदान पक्के होते. दुसरा रिपोर्टही तसाच आला. तो घेऊन अम्मी आपाच्या सासूकडे गेली.