मशीन बसवलं तरी अंतर उरतंच

‘मशीन बसवलंय ना, मग ऐकू येतं की!’ कॉक्लिअर इम्प्लांट वापरणाऱ्या माझ्यासारख्यांना हे वारंवार सांगितलं जातं आणि त्यात अर्धं सत्य आहेच. शांत खोलीत, समोर बसून बोललेलं मला ऐकू येतं. पण निरोगी कानात सुमारे साडेतीन हजार आंतरिक केशपेशी जे काम करतात, ते माझ्या कानात २२ इलेक्ट्रोड करतात. पंख्याची घरघर, सरकणारी बाकं आणि शिकवणाऱ्याचं वाक्य, सगळं त्याच मोजक्या वाटांनी आत शिरतं. त्यात अंतराची भर पडते. अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. तोंडापासून २५ सेंटिमीटरवर जो असतो, तो ४ मीटरवरच्या बाकापर्यंत २४ डेसिबलने घटलेला असतो. डोक्यावरचा पंखा मात्र कुठेही जात नाही. कानावरच्या प्रोसेसरचा, म्हणजे इम्प्लांटच्या बाहेरच्या यंत्राचा, आवाज वाढवला तर दोन्ही वाढतात. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की रिमोट माइक ही चैन नाही, तो उपचाराचाच भाग आहे. बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर लावलेला छोटा माइक तो आवाज बिनतारी थेट प्रोसेसरमध्ये पोचवतो. मधलं अंतर जणू पुसलंच जातं.

यावर एक आक्षेप थेरपीच्या अंगाने येतो: आयतं ऐकायची सवय लागेल, मेंदू कष्ट घेणार नाही. घरी, निवांत वेळी माइकशिवाय सराव जरूर व्हावा. पण भूगोलाचा तास हा कान तपासण्याचा तास नव्हे. तिथे अर्धं वाक्य निसटलं तर धडाच निसटतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. माइक बाईंच्या गळ्यात, मग मागच्या बाकावरून आलेलं उत्तर कसं कळणार? त्यासाठी माइक हातोहात फिरवावा लागतो, किंवा बाईंनी उत्तर पुन्हा उच्चारावं लागतं. आणि माइक लावणंही जमावं लागतं: पदराला अडकवला आणि त्यावर मंगळसूत्र घासलं, तर आमच्या कानात नुसती खरखर. तास संपल्यावर तो बंद करायला विसरलं, तर स्टाफरूममधल्या गप्पाही पोचू शकतात. हे यंत्राचे दोष नव्हेत, वापरायला न शिकवल्याचे आहेत.

खर्चाचं बोलायचं तर केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या एडीआयपी योजनेतून लहान मुलांना लाखो रुपयांचं इम्प्लांट मिळतं; वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याचं काम पाहते. एवढा खर्च झाल्यावर मूल वर्गात चौथ्या बाकावर ऐकण्यात मागे पडावं, हे मला पटत नाही. नाट्यगृहांत आणि सभागृहांत तर जमिनीलगत तारेचा लूप टाकला, की टेलिकॉइल (लूपचे चुंबकीय संकेत पकडणारी कॉइल) असलेला प्रोसेसर लावून बसलेल्या प्रत्येकाला एकाच वेळी ऐकू येतं. शिक्षकांना माझी विनंती एवढीच: विद्यार्थ्याने माइक पुढे केला, तर ‘माझा आवाज मोठा आहे’ म्हणू नका. तो गळ्यात घाला.