अंगण खरंच वाकडं होतं

दुग्धशाळेच्या तूप विभागात मी शिफ्ट सुपरवायझर होतो. फरशी तोंड दिसेल इतकी चकचकीत असायची आणि त्याचा मला कोण अभिमान! पॉलिशचा कोटा मीच हट्टानं बसवून घेतला होता. शिफ्ट संपली की थंड पाण्याचा पाइप मारायचा आणि वर पोछा. थंड पाण्यानं तूप निघत नाही, थिजतं. पोछ्यानं तर एका कोपऱ्यातलं तूप सगळ्या फरशीला लागतं. ठाऊक नव्हतं म्हणालो तर खोटं ठरेल. घरी तुपाची वाटी कोण गार पाण्यानं धुतं? पण फरशीसाठी बॉयलरचं गरम पाणी खर्चायची माझी तयारी नव्हती.

कुणी घसरलं की मी हसून म्हणायचो, ‘नाचता येईना, अंगण वाकडं!’ अंगण खरंच वाकडं होतं. उतार गटाराकडे नव्हताच, भरणी यंत्राकडे होता. पंपाची ग्लँड ठिबकायची, तिच्याखाली मी गोणपाट टाकायला लावलं. गळती दिसेनाशी झाली आणि दुरुस्ती मागे पडली. ओल्या फरशीचा पिवळा फलक बारा महिने तिथंच. त्यावर ॲप्रन वाळत असत.

पॅकिंगमधल्या एक मावशी तिथंच पडल्या, मनगट मोडलं. ४८ तास कामावर येता आलं नाही की कारखाना निरीक्षकांना कळवावं लागे. कारणापुढे मी लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. जाण्यायेण्याच्या वाटा घसरड्या पदार्थांपासून मोकळ्या ठेवायच्या, असं तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्याचं कलम ३२ सांगत होतं. ते मी नंतर वाचलं.

हात बरा झाल्यावर मावशी म्हणाल्या, ‘साहेब, तिथनं आम्ही सगळ्याच भिंतीला धरून जातो.’ त्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर हातांचा काळपट पट्टा उमटलेला मी पाहिला होता. ऑडिटच्या आधी त्यावर रंग मारून घेतला होता.

ग्लँड दुरुस्त झाली, उतार बदलला, खडबडीत टाइल आल्या. आता डिटर्जंट टाकून थोडा वेळ मुरू देतात, मग ब्रशनं घासून गरम पाणी. गुळगुळीत झालेले गमबूट बदलून घेताना स्टोअरशी अजून वाद होतो. आणि गाडी भरायला उशीर झाला की ‘पळा, पळा’ हे अजून माझ्याच तोंडून निघतं.