मजगी आधी की वाडी?

२० नोव्हेंबर २०२३, मोखाडा
दिवाळी संपली. सकाळी नाक्यावर वीटभट्टीचा ट्रक उभा होता. भांडी, कोंबड्या, पोरं असं सगळं चढवणं चाललेलं. रोजगार हमीच्या आराखड्यासाठी पाड्यावरची कामं मी सुचवायची आहेत आणि ज्यांच्या जमिनीवर ती व्हायची, त्यातले बरेच जण भिवंडी-वसईच्या वाटेवर.

रात्री लॅपटॉपवर 'सिव्हिलायझेशन सहा' हा खेळ. हे व्यसन भाच्याने लावलं. एक बिल्डर साधारण तीन कामं करतो आणि संपतो, म्हणून नकाशाच्या प्रत्येक षटकोनापाशी घोळ घालायचा: शेत, खाण की जंगल तोडून एकदाच मिळणारा फायदा? भारत घेतला तर बारव बांधता येते, पण डोंगरी षटकोनात नाही. म्हणजे जव्हार-मोखाड्यात हा डाव मांडला, तर आपलं खास बांधकाम बादच! साधं शेतदेखील डोंगरावर करायचं तर पुढचा एक टप्पा गाठावा लागतो. इथले वारली, कोकणा, महादेव कोळी असल्या परवानगीवाचून पिढ्यान्‌पिढ्या उतारावर नाचणी-वरई काढत आलेत.

२३ नोव्हेंबर
शिवारफेरी. वर वरकस, खाली भाताची खाचरं. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या वर, तरी उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन झऱ्यावर. कातळावर माती पातळ, पाणी ठरणार कुठे? एका मावशींनी त्यांची मजगी, म्हणजे उतारावरचं पायरीचं शेत, दाखवली. दगडी ताल मधोमध ढासळलेली, त्या खिंडीतून माती खालच्या खाचरात उतरलेली. तालीच्या पोटाशी जिथे गाळ अडला होता तिथे भाताचे धसकट जाड, दोन हातांवर सुतासारखे बारीक. मी वहीत पहिलं काम लिहिलं: तालदुरुस्ती. पण नुसती ताल बांधली आणि वरचा उतार मोकळा सोडला, तर पुढच्या आषाढात पुन्हा हेच. आधी माथ्यावर सलग समतल चर, मग मजगी.

२६ नोव्हेंबर
वाडीचा विषय निघाला. जव्हार भागात बाएफ संस्थेने हे काम पूर्वीच रुजवलंय: एकरभर जागेत आंबा-काजूची कलमं, कडेने इतर झाडं, मधल्या पट्ट्यात पीक. कागदावर याच्याइतकी किफायतशीर सुधारणा दुसरी नाही. मावशी ऐकून घेत होत्या, मग म्हणाल्या, "झाडां लावू, पन पानी कोन घालील? आमी तं भट्टीवर."

इथेच खेळाचं गणित लटकतं. तिथे शेत एकदा केलं की शहरातला एक नागरिक त्यावर नेमला की पुरे, पाणी घालावं लागत नाही. इथे कलमाला पहिले उन्हाळे हंड्याने पाणी लागतं आणि नेमके तेच महिने घराला कुलूप असतं. तेव्हा उत्पन्न किती, हा दुसरा प्रश्न. डिसेंबर ते मे कोणतं काम माणसाला घरी थांबवेल, हा पहिला. त्या हिशोबात मोगरा वरचढ ठरतो. हंगामात रोज पहाटे तोडणी, फुलं दादरला, हातात रोकड. पण त्यालाही पाणी हवंच, म्हणून शेततळं किंवा विहीर त्याच्या आधी.

२९ नोव्हेंबर
खेळात आपल्या सीमेतला षटकोन शेजारच्या शहराच्या नावे करता येतो. याच तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबई पिते. जमीन सुधारण्याचं एवढं मोठं काम तालुक्यात दुसरं नसेल, फक्त त्याचं उत्पन्न दुसऱ्या शहराच्या खात्यात! आणि सीमेच्या आतले सगळेच षटकोन आपले असतात, हेही खेळातच. इथे २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे काही दावे अजून लोंबकळत आहेत; कागद नसेल तर वैयक्तिक कामाची फाइल पुढे सरकत नाही.

१ डिसेंबर
यादी लिहून काढली. हमीत मजुरीचा वाटा किमान ६० टक्के हवा, त्यामुळे चर, मजगी, दगडी बांध सहज बसतात. सिमेंटचा बंधारा मागायचा तर हातकाम वाढवावं लागेल. माथ्यावरचे चर सगळ्यात वर. चार घरांना शेततळं आणि त्यामागून मोगरा. वाडी फक्त तिथे, जिथे म्हातारं माणूस तरी उन्हाळाभर घरी असतं. मावशींच्या तालीचं काम डिसेंबरातच सुरू व्हावं म्हणून मागणीचा अर्ज वेगळा भरला, कारण त्यांच्या मुलाला मुकादमाने पंधरा तारखेपर्यंतचीच मुदत दिली आहे.