चिंधी बांधलेलं शिराळं

गेल्या ऋषीपंचमीला माझं बियाण्याचं शिराळं चिरून टोपात पडलं. तो राग अजून गेलेला नाही.

आमचं परस रत्नागिरीकडचं, तांबड्या मातीचं. मृगात आळी करायची, बी टोवायचं, श्रावणात मांडव भरतो. मी वर्षाच्या हिशेबाने लावते. लाल भोपळा आणि कोहळा देठासकट काढून माळ्यावर ठेवले की उन्हाळा गाठतात. उरल्या कोहळ्याचे मग सांडगे. कणगर, सुरण लागेल तसे खणायचे. भात कापल्यावर कडवे वाल. शिराळं मात्र साठवणीचं नव्हे. त्याचं साठवायचं ते बी.

आणि बी धरणं म्हणजे एक फळ वेलीवर विसरून जाणं नव्हे. शेजारच्या कुंपणावर घोसाळी आहेत. शिराळी-घोसाळी एकमेकांत मिसळतात, आणि कुंपण कुणाचं ते किड्यामुंग्यांना कुठे कळतं! शिराळ्याचं फूल संध्याकाळी उमलतं. म्हणून दुपारीच फुगलेल्या कळ्या हेरायच्या. जिच्या मागे इवलंसं शिराळं असतं ती मादी. ती दोऱ्याने बांधायची, नराच्याही दोन-तीन बांधायच्या. तिन्हीसांजेला सोडून नराचं फूल मादीवर फिरवायचं आणि पुन्हा बांधून टाकायचं. वर पाऊस, खाली डास. बरीचशी गळतात, काही कुजतात. शेवटी एक धरलं. सरळ, जोमदार वेलीवरचं. त्याच्या देठाला मी लाल चिंधी बांधली.

गणपतीला मुंबईहून थोरल्या जाऊबाई आल्या. त्यांनी नेमकं तेच तोडलं.

"अगं, तूच खूण करून ठेवली होतीस ना, ऋषीच्या भाजीसाठी?"

सासूबाई म्हणाल्या, "बैलाच्या कष्टाचं चालत नाही आज. घरचंच लागतं. बरं केलंस गो."

मांडवावर आणखी शिराळी लोंबत होती, तीही घरचीच. पण चांगलं फळ दिसलं की ते ताटात आणि वाकडं, किडकं, शेवटचं उरलं ते बियाण्याला, ही आपल्याकडची रीतच. मग दरवर्षी वेल खुरटत जातो आणि लोक म्हणतात, गावठी बियाण्यात दम राहिला नाही. दुकानातून संकरित पाकीट आणतात. त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही, म्हणून पुन्हा पाकीट. शेतकऱ्याने बी राखावं, पेरावं, वाटावं, ब्रँडचं नाव न लावता विकावंही, असा हक्क देणारा २००१चा कायदा आहे. जावांपासून ते वाचवण्याचं कलम मात्र त्यात नाही.

भाजी अप्रतिम झाली होती, हे सांगायलाच हवं. अळू, भेंडी, पडवळ, मक्याचं कणीस आणि माझं शिराळं. मी दोनदा वाढून घेतली, फुगलेल्या तोंडानेच. आणि खरं सांगायचं तर ते शिराळं असं कोवळं खाण्यासाठीच असतं, हे त्या दिवशी मलाही पटत होतं.

मग मांडवावरचंच एक दुसरं धरलं, किड्यांनी फळवलेलं. ते सुकून खुळखुळायला लागल्यावर टोकाची टोपी उडवून काळं बी काढलं, राखेत घोळून ठेवलं. त्यात घोसाळं शिरलंय की नाही ते येत्या पावसाळ्यात कळेल. जाऊबाईंनी गॅलरीत लावायला मूठभर मागितलंय. देणार आहे. वेलावर काय लागेल ते मात्र मला विचारू नका म्हणावं.